टाकीत ओतलेलं मीठ

आमच्या प्रयोगशाळेत समुद्र सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. समुद्र कसला, एक काचेची टाकी, एक हीटर आणि मोजून मीठ घातलेलं पाणी. हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी जे कार्बन फायबर वापरायचं, त्याच्या पट्ट्या वर्षभर त्यात बुडवायच्या आणि दर सोमवारी पुसून वजन करायचं. पट्टी जेवढं पाणी पिते, तेवढी कमकुवत होते.

गरम टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या शुद्ध पाण्याची. मी मात्र वर्षभर खारं पाणीच ओतत राहिलो. म्हटलं, मीठ जास्त तर परीक्षा कडक! हा दीडशहाणपणा नडला. पाणी जितकं जास्त खारट, तितकं ते पट्टीत कमी मुरतं. माझ्या पट्ट्या थाटात पास झाल्या. चूक कळली तेव्हा अहवाल जाऊन आठवडा झाला होता आणि साहेबांनी माझी पाठही थोपटली होती. मी मूग गिळून गप्प बसलो.

दीड वर्षाने धाकट्या बहिणीचा फोन आला. ती समुद्रकाठच्या तळावर हेलिकॉप्टरची मेकॅनिक आहे, आणि तिचा नवरा तिथलाच वैमानिक.

"दादा, रागावू नकोस हं. आज शेपटीवर नाणं वाजवून बघत होते, तर एका जागी आवाज बद्द आला. मला वाटलं, आत थर सुटलेत. आमचे साहेब म्हणाले, प्रयोगशाळेने पाच वर्षं बिनघोर म्हटलंय, तू आधी कान तपासून घे."

"मग?"

"मग काय, सगळे हसले. मीही म्हटलं, माझा दादा आकड्यात चुकायचा नाही. केली उड्डाणाच्या कागदावर सही."

"हेलिकॉप्टर कुठंय?"

"आत्ताच हे घेऊन गेले. का रे?"

सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या तोंडात "काही नाही, सहज विचारलं" असंच आलं होतं. ते कसंबसं गिळलं आणि मिठाचं सगळं सांगितलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिने फोन ठेवला.

पाऊण तास मी खुर्चीत नुसता बसून होतो. मग तिचाच फोन आला.

"उतरलं. शेपटी उघडली. आत ओल आहे, तळहाताएवढा थर सुटलाय."

"आणि मेहुणे?"

"ठीक आहेत. तुला हे कधी कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "अहवाल गेला, त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

मी माफीचे शब्द जुळवत होतो.

"त्यानंतर तू किती वेळा आमच्याकडे जेवायला आलास, दादा," ती म्हणाली. "यांच्या शेजारी बसून जेवलास."