यासिरच्या नळीसमोर आईची नळी

मी एक जुना सेंट्रिफ्यूज आहे, मित्रांनो. नाव अवघड वाटलं तर मला रक्त घुसळणारा भोवरा म्हणा. कुवेतमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी राहतो. माझ्या पोटात एक चाक आहे आणि चाकाला गोल कप आहेत. कपात रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, झाकण लावायचं, की मी गरगर फिरतो. थांबलो की पाहा गंमत! तांबड्या पेशी तळाशी बसलेल्या असतात आणि वर मधाच्या रंगाचं पाणी तरंगत असतं. त्याला सीरम म्हणतात.

दूर देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी खोक्यात बसून, जहाजातून मी इथे आलो. तेव्हा मी कसा चकचकीत होतो! सगळे म्हणायचे, "काय सुरेख चालतो, आवाजसुद्धा नाही." पुढे पडदा असलेलं नवं यंत्र आलं. माझी रवानगी कोपऱ्यात झाली. कुणी माझ्या डोक्यावर हातमोज्यांचे खोके ठेवी, कुणी चक्क आपला स्वेटर.

मग आल्या प्रणिताताई. त्या साताऱ्याकडच्या. लहान बाळांच्या ग्लोब्युलिनवर त्यांचं संशोधन चालू होतं. बाळांच्या नळ्या बोटाएवढ्या, आणि त्या नेमक्या माझ्याच कपांत बसत. ताईंनी माझ्या डोक्यावरचे खोके उतरवले, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि म्हणाल्या, "चला आजोबा, कामाला लागा."

ग्लोब्युलिन म्हणजे सीरममधली प्रथिनं. त्यांतली काही लोह वाहून नेतात, तर काही रोगजंतूंशी लढतात. बाळ पोटात असताना आई आपली लढणारी ग्लोब्युलिनं त्याला देते. जन्मानंतर काही महिन्यांत ती शिदोरी संपत येते, आणि तोवर बाळाने स्वतःची बनवायला शिकायचं असतं. बहुतेक बाळं शिकतात. काही जरा रेंगाळतात.

यासिर असाच रेंगाळलेला. त्याचे आईवडील रत्नागिरीचे, राहायला कुवेतमधल्याच मंगफ गावात. वडील इद्रीस शर्कच्या मासळीबाजारात कामाला. ते दारात आले की प्रणिताताई हसत, "इद्रीसभाई, तुमच्याआधी तुमच्या पापलेटचा वास पोचतो हो!" आई शरीफा मात्र गप्प असे. यासिरला एक सर्दी जाईपर्यंत दुसरी धरायची. गावी आजी वाट पाहत होती, तिने नातवाला अजून मांडीवर घेतलं नव्हतं. पण त्याचं अंग स्वतःची ग्लोब्युलिनं बनवायला लागल्याशिवाय प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता माझी एक खोड सांगतो. मला एकटी नळी चालत नाही. एका बाजूला नळी ठेवली की बरोब्बर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी हवी, नाहीतर मी थडथडतो. बाकीचे लोक समोर पाण्याची नळी ठेवतात. प्रणिताताई बाळासमोर त्याच्या आईची ठेवत, कारण संशोधनासाठी दोघांचंही रक्त लागे. मायलेक माझ्या पोटात समोरासमोर फिरायचे, आणि मला उगाच मोठेपण वाटायचं.

एकदा शेजारच्या मोजणाऱ्या यंत्राने यासिरच्या ग्लोब्युलिनचा आकडा चांगला भरघोस दाखवला. काय आनंद! इद्रीसभाईंनी वफ्राच्या बागेतल्या खजुरांचा डबाच आणला. "अम्मीला फोन केला ताई. पोराला घेऊन येतोय म्हणून सांगून टाकलं!"

ताई डबा उघडणार, इतक्यात शरीफा कधी नव्हे ती भरभरून बोलायला लागली. "मागे ताप आला ना ताई, तेव्हा घराजवळच्या दवाखान्यात त्याला दिवसभर एक बाटली चढवली. तेव्हापासून पोरगं कसं टवटवीत झालंय बघा!"

ताईंचा हात झाकणावरच थांबला. "कसली बाटली गं?"

"सलाईनच असेल. काचेची होती. बाई म्हणाली, ताकदीची आहे."

ताईंनी त्या दवाखान्यात फोन लावला. ते सलाईन नव्हतं. दुसऱ्यांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं ग्लोब्युलिन होतं ते! म्हणजे भरघोस आकडा यासिरचा नव्हताच, पाहुण्यांचा होता.

"सांगायचं राहिलं माझ्याकडून," शरीफाचे डोळे भरले.

"अगं, मीही विचारलं नाही ना! त्या बाटलीने त्याला सांभाळलं, हे चांगलंच झालं. हे पाहुणे हळूहळू जातील. मग जे उरेल ते आपल्या यासिरचं."

इद्रीसभाईंनी अम्मीला पुन्हा फोन केला. या वेळी आवाज बारीक होता. डबा मात्र त्यांनी परत नेला नाही. "खजूर टिकतो ताई. राहू दे इथेच."

काचेपलीकडच्या चहाच्या खोलीत, फळीवर तो डबा राहिला. पुढच्या खेपेला आकडा खाली आला. शरीफा कासावीस झाली. "मुगाचं कढण पाजू का? तुम्हीच म्हणालात, मुगातपण ग्लोब्युलिन असतं."

"पाज की! पण ते पोटात गेलं की सुटं होतं, माळ तुटून मणी व्हावेत तसं. त्या मण्यांची आपल्याला हवी ती माळ यासिरचं अंगच ओवणार. आपण मणी पुरवायचे."

शरीफाने मणी पुरवले. मुगाचं कढण, मऊ खिचडी, मसुराचं वरण. यासिर उभा राहिला, चालायला लागला, आणि पुन्हा मायलेकांच्या नळ्या माझ्याकडे आल्या. मी इतक्या सांभाळून आयुष्यात कधी फिरलो नसेन.

आकडा वर चढला होता. पाहुणे केव्हाच गेले होते. हा सगळा यासिरचाच!

"शरीफा," ताई ओरडल्याच, "तुझं पोरगं कमावतं झालं!"

शरीफा हसत होती आणि रडतही होती. इद्रीसभाईंनी डबा फोडला. माझं चाक तोवर दुसऱ्या बाळाच्या नळ्या घेऊन फिरत होतं. चहाच्या खोलीच्या काचेला नाक लावून यासिर ते पाहत होता. मग त्याने आईचं बोट सोडलं, दोन्ही हात पसरले आणि माझ्यासारखाच जागच्या जागी गोल फिरला. धपकन खाली बसला आणि खळखळून हसला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखं जुनं यंत्र दिसलं तर डोक्यावर खोके ठेवू नका. आत थेंब सांडला तर लगेच पुसा. आणि नळी ठेवाल तेव्हा समोर तिच्या तोलाची सोबत नक्की द्या. तेवढी सोबत मिळाली की कसलीही गिरकी सोसते. यासिरला आता एकट्याने गिरकी घेता येते. उद्या तो ती आजीच्या अंगणात घेणार आहे.