अपत्यास ठार करावे काय?

आत्याचा फोन आला तेव्हा मी एका वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तकातल्या 'कपडे पिळणे' या विभागाशी झटापट करत होतो. मी पोटासाठी भाषांतरं करतो. औषधांच्या डब्यातली पत्रकं, मिक्सरच्या सूचना, लिफ्टमधले इशारे, असलं सगळं माझ्या हातचं असतं आणि ते कुणी वाचत नाही.

"असशील तसा निघून ये," आत्या म्हणाली. "इथे पोर अडकलंय, आणि हे मेलं विचारतंय, मारू का म्हणून."

फोन बंद.

माझी आत्या चाळीस वर्षं प्रसूतिगृहात होती. कागदोपत्री ती परिचारिका, पण स्वतःला ती सुईणच म्हणवून घेते. तिने 'पोर अडकलंय' म्हटल्यावर माणूस विचार करत बसत नाही. मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून जिना उतरलो. खाली आल्यावर आठवलं की तिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि तिच्या घरात 'हे मेलं' म्हणजे मीच तिला दिलेला जुना कॉम्प्युटर. त्यावर मीच लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून दिली होती, तीही पूर्ण मराठीत. मी चाल जरा धीमी केली. मग तिचं वाक्य पुन्हा मनात घोळवलं आणि पुन्हा वेग वाढवला. 'मारू का' हे कुठून आलं ते मला चांगलंच ठाऊक होतं. ते मी लिहिलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही पाच जण दर रविवारी जमून लिनक्स मराठीत आणत होतो. फुकट, हौसेने, आणि भांडत भांडत. एका प्रोग्रामने दुसरा प्रोग्राम सुरू केला, तर पहिल्याला आई-बाप आणि दुसऱ्याला मूल म्हणायची कॉम्प्युटरच्या धंद्यात पद्धत आहे. मूल अडकून बसलं, तर त्याला मारतात. बाकीचे चौघे म्हणत होते, सरळ 'बंद करू का?' लिहू. मी चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. मूळ शब्दाशी इमान, भाषेची शिस्त, आणखी काय काय. चौघांनी हात टेकले, आणि माझं वाक्य कायम झालं:

«अपत्य प्रक्रिया प्रतिसाद देत नाही. जनक प्रक्रिया प्रतीक्षेत आहे. अपत्यास ठार करावे काय?»

त्या 'अपत्यास'मधल्या 'स'वर मी आठवडाभर खूष होतो.

आत्याचं दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यापुढे खुर्चीत ताठ बसलेली आत्या, आणि माउसवर उपडं घातलेलं पातेलं.

"हे काय?"

"कुणाचा हात लागू नये म्हणून."

हा 'कुणी' भिंतीला टेकून उभा होता. वरच्या मजल्यावरचा प्लंबर. हातात पाना होता आणि चेहऱ्यावर नुकताच ओरडा खाल्ल्याचा भाव. "मी एवढंच म्हटलं, वायर काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा. गीझरला आम्ही तेच करतो."

खरं सांगायचं तर मीही तेच करणार होतो. या विषयातला मी जाणकार, पण जाणकारांचा पहिला उपायही तोच असतो. मी सहज बटणाकडे हात नेला, आणि आत्याने लाकडी पट्टीने बोटांवर फटका दिला.

"आधी विचार, मग हात. काय झालंय, कधीपासून, हे विचारलंस का?"

मी विचारलं. परिचर्या विद्यालयातल्या नव्या मुलींचे वर्ग सोमवारी सुरू होणार होते. त्यांच्यासाठी आत्या वर्षभर एक पुस्तिका लिहीत होती, चाळीस वर्षांत हाताला जे कळलं ते. छापखाना आज दुपारी बारापर्यंत मजकूर घेणार होता, पुढची पाळी थेट पुढच्या वर्षी. दहा वाजता तिने 'जतन करा' दाबलं, आणि यंत्र अडकलं.

"बाकीची पुस्तिका सुखरूप आहे," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण यात आहे. अठ्ठावीस पानं. एका बोटाने तीन आठवडे लागले."

"तीन आठवड्यांत मध्ये कधी जतन केलं होतंस?"

"मध्ये कशाला? लिहिलेलं समोर दिसत होतं की."

"कॉम्प्युटर बंद करताना?"

"बंद कोण करतंय? रात्री नुसता पडदा विझवते. झोपू दे म्हणून."

म्हणजे ती अठ्ठावीस पानं कुठेच नव्हती. त्या अडकलेल्या प्रोग्रामच्या पोटात काय ती होती. 'ठार करा' दाबलं असतं तर ती गेलीच असती, आणि वायर काढली असती तरी तेच झालं असतं. मी माझ्या घरी असतो, तर विचार न करता दाबलं असतं.

"कोणतं प्रकरण आहे?" मी विचारलं.

"कधी हात लावू नये, ते." ती पडद्याकडेच बघत होती. "गेल्या वर्षी एका मुलीने घाई केली. बाई वाचली, पण जेमतेम. मुलगी वाईट नव्हती रे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. या वर्षीच्या मुलींना सांगितल्याशिवाय मी राहणार नाही."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"एक मात्र सांग," ती म्हणाली, "हे वाक्य लिहिणारं गाढव कोण? 'अपत्यास ठार करावे काय' म्हणे! मी काय कसाई आहे?"

प्लंबर म्हणाला, "असेल कुणीतरी कचेरीतला."

मी पातेलं बाजूला करण्यात गुंतलो.

समोरचं दार अडलं असलं तरी लिनक्सला मागचं दार असतं. तीन कळा एकदम दाबल्या की सगळी चित्रं नाहीशी होतात आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं येतात. मी दाबल्या.

"गेलं!" आत्या ओरडली.

"गेलं नाही. मागच्या दाराने आत जातोय. तुझं पोर आहे तिथेच आहे. आता पासवर्ड सांग."

"जोर लाव."

मी कळ जोरात दाबली. "लावला. पासवर्ड काय?"

"जोर लाव!"

"आत्या, कळा दाबायला जोर लागत नाही. पासवर्ड सांग."

"अरे बहिऱ्या, तोच पासवर्ड आहे! जोर लाव. चाळीस वर्षं दिवसातून शंभरदा म्हटलंय, तेवढंच विसरणार नाही म्हणून ठेवला."

मी इंग्रजी अक्षरांत 'जोरलाव' टाइप केलं. काळ्या पडद्यावर काही उमटलं नाही.

"कीबोर्ड गेला," प्लंबरने निदान केलं.

"गेला नाही. पासवर्ड लिहिताना दिसत नाही, ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. तसंच असतं." एंटर दाबलं. उत्तर आलं की पासवर्ड चुकला. पुन्हा केलं, पुन्हा चुकला. "आत्या, सगळी लहान अक्षरं का?"

"लहान?" तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "जोर लाव हळू म्हणतात का कुणी? सगळी मोठी."

मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि दार उघडलं. प्लंबरने टाळी वाजवली, आत्याने डोळे वटारले, आणि तो पुन्हा भिंतीला टेकला.

आता कारण शोधायचं होतं. जतन करताना प्रोग्राम अडकला, तर आधी डिस्कवरची जागा बघावी. मी विचारलं, यंत्राने सांगितलं, शंभर टक्के भरली. एक पानही ठेवायला जागा नाही. यंत्राच्या या मोठ्या वाड्यात कुणी आणि काय कोंबलंय हे शोधायला दहा मिनिटं गेली. एकच फाइल सापडली, बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. उघडली तर आत एकच ओळ, दर सेकंदाला नव्याने लिहिलेली: प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर सापडत नाही.

"आत्या, तुझा प्रिंटर कुठाय?"

आत्याने प्लंबरकडे पाहिलं. प्लंबरने पान्याकडे पाहिलं.

"तुम्हीच म्हणालात घेऊन जा," तो पुटपुटला. "आमच्या मुलीला चित्रं छापायला. सात-आठ महिने झाले."

म्हणजे इतके महिने कॉम्प्युटर बापडा रोज, दर सेकंदाला, कुणी ऐकत नसताना तक्रार लिहून ठेवत होता. एखाद्याने शेवटी सांगायचं तरी किती! तक्रारींनीच घर भरलं आणि आत्याच्या पानांना जागा उरली नाही.

मी ती फाइल पुसली आणि शेखी मिरवत म्हणालो, "झालं!" मग जागा पाहिली. शंभर टक्के.

काटा साडेअकराकडे सरकत होता. पुन्हा पाहिलं, शंभर टक्के. फाइल तर नाहीशी झाली होती, मग जागा कोण अडवून बसलंय? आत्याचा हात माझ्या खांद्यावर आला, आणि त्या हाताखाली डोकं जरा ताळ्यावर आलं. फाइल पुसली तरी लिहिणाऱ्याने ती सोडली नसेल, तर जागा सुटत नाही. प्रिंटरचं काम बघणारा प्रोग्राम अजून तिला घट्ट धरून बसला होता. मी आत्याला तसं सांगितलं.

"त्याला आधी उठव म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

तो प्रोग्राम बंद करून उठवला. जागा पाहिली. चाळीस टक्के मोकळी!

परत पुढच्या दाराने आलो. तीच चौकट, तेच माझं वाक्य आणि खाली दोन बटणं: «ठार करा» आणि «प्रतीक्षा करा». मी दुसरं दाबलं. चौकट गेली आणि क्षणभराने परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा आली.

"आत्या, जागा झाली आहे. ते स्वतःच थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत असेल तर होईल. नाहीतर मला माहीत नाही." मी तिला हा कॉम्प्युटर मोठ्या तोऱ्यात दिला होता.

"मग थांबायचं," ती म्हणाली.

दोन मिनिटं गेली. अकरा चाळीस. प्लंबरला राहवेना. "मारून टाका एकदाचं! लिहितील पुन्हा!"

"हात मागे," आत्या म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मी आणि प्लंबर दोघांनी हात पाठीमागे बांधले. तिनेही बांधले. आम्ही तिघं त्या टेबलापुढे तसेच उभे राहिलो. पंख्याची घरघर आणि आमचे श्वास ऐकू येत होते. मला सारखं वाटत होतं, काहीतरी दाबावं, काहीही.

मग कॉम्प्युटरच्या डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकू लागला, आणि थांबेचना. चौकट नाहीशी झाली. खाली बारीक अक्षरांत आलं: जतन केले.

"आलं," आत्या म्हणाली, आणि पडद्याच्या कडेवर हात ठेवला. शेवटपर्यंत सगळी पानं मोजली. अठ्ठावीस भरली. बारा वाजायला आठ मिनिटं असताना मजकूर छापखान्याकडे गेला. प्लंबर डोळे पुसत म्हणाला की त्याला धुळीचा त्रास आहे.

मग तो वर गेला, प्रिंटर परत आणायला. आत्याने चहा टाकला. आता सांगून टाकावं म्हणून मी घसा खाकरला.

"आत्या, ते वाक्य..."

"तुझं आहे. माहीत आहे." ती कपबश्या मांडत होती. "मदत, मग माहिती, मग श्रेय असं कुठेतरी आत आत आहे. पहिल्याच दिवशी सापडलं. तुझं पूर्ण नाव, माझ्या भावाच्या नावासकट. तो वरचा म्हणत होता, इंग्रजी करून देतो, सोपं पडेल. मी म्हटलं, माझ्या भाच्याचं लिहिलेलं आहे, मी हेच वाचणार."

मला वर बघवेना. "आणि मघाशी गाढव म्हणालीस?"

"ते आहेच. पण तारीखही पाहिली मी. तुझी पोरगी व्हायच्या दोन वर्षं आधीची आहे. नंतर तू असं लिहिलं नसतंस."

नऊ वर्षांपूर्वी मी सकाळपासून एका दाराबाहेर उभा होतो. आत्या तीनदा बाहेर आली आणि तिन्ही वेळा एकच बोलली. आत काय चाललं होतं, किती जण घाई करा म्हणत होते आणि ती कशी अडून राहिली, ते मला पुढे वर्षभराने बायकोकडून कळलं. तेव्हा मात्र मला तिचा आणि तिच्या त्या वाक्याचा राग आला होता. त्या वाक्याच्या आधारावर मी तो दिवस काढला, हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

त्या संध्याकाळी मी आमच्या रविवारच्या मंडळाला त्या वाक्याऐवजी नवा मजकूर पाठवला. आमचे प्रमुख शिस्तीचे, त्यांनी महिनाभर काथ्याकूट करून अर्धा मंजूर केला. मी आत्याला वाचून दाखवला: «अजून चाललं आहे. थोडं थांबाल का?»

"पुढचं कुठाय?" ती म्हणाली. "मी तुला तेव्हा दाराबाहेर म्हणाले होते, अजून चाललंय, तू चहा पिऊन ये."

"चहा नियमात बसत नाही म्हणतात."

"बसेल," आत्या म्हणाली. "थांब जरा."