मागची सीट

मी एक जुनी मोटारसायकल आहे. आता लोक मला 'बॉबर' म्हणतात, रस्त्यात थांबवून माझे फोटो काढतात, आणि मीही थोडी मिरवून घेते. खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, फोटोत माझी जी बाजू छान दिसते तिच्याबद्दल मी फार बोलणार नाही. मला सांगायचं आहे ते माझ्या मागच्या बाजूचं.

एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी रांगेनं तयार होत होत्या. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते जळकोटच्या दुकानासमोरचं ऊन आणि मला घ्यायला आलेला रामकिशन. हा उंच, अबोल शेतकरी माझ्याभोवती फिरला आणि टायर दाबून बघत दुकानदाराला म्हणाला, "समदं ठीक हाय. साडीगार्ड तेवढं मजबूत लावा. कारभारीण बसणार हाय मागं." साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाच्या बाजूला असते ती लोखंडी जाळी. तिच्यामुळे बाईचं लुगडं चाकात जात नाही. तो माझ्या अंगावरचा पहिला दागिना.

त्यानंतर वर्षानुवर्षं आमचं बसणं ठरलेलं होतं. पुढे टाकीवर लहानगा सत्यम, मधे रामकिशन, आणि मागे एका बाजूला पाय सोडून नागाबाई, तिचा उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर. रोज गावातून शेताकडे आणि दिवस कलला की परत. सत्यम टाकीला टाचा मारत मला बैलासारखं हाकायचा. त्या टाचांचे ओरखडे अजून माझ्या टाकीवर आहेत. वाटेत एक नळकांडी पूल होता आणि त्याच्या तोंडाशी एक हट्टी खड्डा. रामकिशन त्याच्या बराच अलीकडे वेग कमी करायचा. मागून कोणी सांगायचं नाही आणि पुढून कोणी विचारायचं नाही.

थंडीत वेळा अमावास्या यायची. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळं गाव आपापल्या शेतात जेवायला जातं. ज्वारीचं पीठ आणि ताक घालून केलेली आंबील मातीच्या बिंदग्यात भरून नेतात. इतरांच्या घरी ते बिंदगं डोक्यावरून जायचं. आमच्या घरचं नागाबाईच्या मांडीवर, माझ्या मागच्या सीटवरून जायचं, आणि त्यातला थेंबही सांडायचा नाही. याचा मला फार अभिमान होता. खताचे कट्टे मी वाहिले, आजारी शेजारी दवाखान्यात नेले, एकदा तर बोंबलणारी शेळीही नेली. पण येळवसच्या दिवशी मी वेगळीच असायचे.

पुढे सत्यम टाकीवर मावेनासा झाला. शिकायला नांदेडला गेला, विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाला, तिथेच नोकरीला लागला. माझ्यावर दोघंच उरली. आणि एका उन्हाळ्यात रामकिशन झोपेतच गेला.

मला पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं गेलं. चेन गंजली, उंदरांनी सीट कुरतडली, एक कोंबडी माझ्या इंजिनाखाली अंडी घालू लागली. माणसानं पाठ फिरवली की कोंबडीसुद्धा मालकीण होते. तरी मी अगदी एकटी नव्हते. दुपारी नागाबाई यायची, स्टँडवर उभ्या असलेल्या माझ्या मागच्या सीटवर पूर्वीसारखी एका बाजूला बसायची आणि शेंगा फोडायची. पुढची सीट मोकळी असायची. तिथे ती कधी बसली नाही, साधी टोपलीही ठेवली नाही. शेत लांब होतं, तिचे गुडघे धरले होते. त्या वर्षी येळवसला बिंदगं घेऊन तिला शेतात जाता आलं नाही.

सत्यम सुट्टीला आला तेव्हा ती म्हणाली, "लेकरा, तेवढी गाडी चालू कर की. उगं उभी हाय."

सत्यमचे डोळे भरून आले. बापाची आठवण त्यालाही छळत होती. "करतो माय. अशी करतो की गाव बघत राहील," तो म्हणाला.

मग दर शनिवारी तो नांदेडहून यायचा आणि शेडमध्ये माझ्याशी झटायचा. जळकोटला वेल्डिंगचं दुकान असलेला त्याचा मित्र बजरंग मदतीला असायचा. इंजिन उघडलं, धुतलं, आतलं झिजलेलं सगळं बदललं. टाकी त्यानं पॉलिश पेपरनं घासली, काळा रंग दिला, पण ते टाचांचे ओरखडे तेवढे तसेच ठेवले. "हे माझं लहानपण हाय," बजरंगला तो म्हणाला. किती प्रेमानं काम करत होता पोर! एवढा जीव मला कोणी लावला नव्हता, हे मी कबूल करते.

नागाबाई चहा घेऊन आली. "काय करून राहिला रं? बॉबर म्हंजे काय?"

"बॉबर म्हंजे माय, जास्तीचं समदं काढून टाकायचं. लागतं तेवढंच ठेवायचं."

"बरं हाय की मग," असं म्हणून ती कपबशा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडे गेली असताना सत्यमनं माझा मागचा मडगार्ड आखूड केला. मग लांब सीट काढली. मग ग्राइंडर लावून, ज्या दांड्यांवर ती सीट टेकायची त्या दांड्याच कापल्या. ठिणग्या उडत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण हॉर्न त्यानं आधीच काढून ठेवला होता. साडीगार्ड भंगारात पडलं. संध्याकाळी नागाबाईनं ते उचललं, परसात रोवलं आणि त्यावर दोडक्याचा वेल सोडला. पोरगं आता नवं गार्ड लावणार, असं तिला वाटलं. मी तिला आधीच दिसू नये म्हणून सत्यमनं माझ्यावर ताडपत्री टाकली होती.

दसऱ्याला ताडपत्री निघाली. जाड टायर, रुंद हँडल, एकट्याची चामड्याची सीट. गल्लीतली पोरं शिट्ट्या मारू लागली. सत्यमच्या हट्टावरून नागाबाईनंच मला हार घातला, ओवाळलं, नारळ फोडला. पहिल्याच किकला मी सुरू झाले. तशी ती लगबगीनं आत गेली आणि भाकरीचं फडकं अन् विळा घेऊन बाहेर आली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. "चल, तुझ्या बापाच्या गाडीवर शेतातनं जाऊन येऊ," ती म्हणाली.

ती माझ्या डाव्या बाजूला आली. सवयीनं हात मागे टेकायला गेला, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसतं चाक.

"मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

शिट्ट्या थांबल्या. बजरंग खाली बघू लागला. सत्यम अडखळत म्हणाला, "माय, ही... ही एकट्याची गाडी असती."

"हाव का?" नागाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तूच म्हणला व्हता, जास्तीचं काढायचं म्हून." आणि फडकं काखेत धरून, गुडघ्यावर हात देत देत ती पायीच शेताच्या वाटेला लागली. मित्रांनो, मी नव्या रंगात चमकत होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझी लाज वाटली.

सत्यम माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. मग उठून बजरंगला म्हणाला, "मागची बाजू परत बांधायची."

"आरं, कापलेलं जोडता येतंय," बजरंग म्हणाला, "पण पहिल्यासारखं न्हाई व्हत. जोड दिसंल."

"दिसू दे."

जुन्या दांड्यांचे तुकडे भंगारवाल्यानं केव्हाच नेले होते. बजरंगनं नव्या दांड्या आणल्या, आत नळीचे तुकडे सरकवून वरून वेल्डिंग केलं. आधी कट्टे लादून पाहिलं. मग सत्यम म्हणाला, "आता मी बसतो मागं. तू चालव." तो जन्मात पहिल्यांदा माझ्या मागच्या सीटवर बसला. पुलाच्या अलीकडूनच वळून आलो. मागे बसलेल्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती चालवणाऱ्याची पाठ. परतल्यावर तो कितीतरी वेळ परसातल्या त्या वेलाकडे बघत उभा राहिला. नागाबाई म्हणाली, "ते गार्ड राहू दे. येल लागलाय त्याला, दोडके खायलेत लोक." म्हणून मग नवं साडीगार्ड बनवलं. बॉबरला साडीगार्ड! नांदेडचे त्याचे दोस्त पोट धरून हसले. त्यानं हसू दिलं.

येळवसच्या सकाळी नागाबाई मागच्या सीटवर घडी केलेली वाकळ टाकून बसली. मांडीवर आंबिलीचं बिंदगं. तिचा उजवा हात थोडा वेळ हवेतच राहिला, मग हळूच सत्यमच्या खांद्यावर टेकला.

माझा आवाज बदलला होता, तिला तो ओळखीचा वाटेना. मी जमेल तेवढी मऊ चालत होते. पण पूल आला आणि सत्यमनं वेग कमी केला नाही. चाक खड्ड्यात आदळलं. बिंदग्यातली आंबील उसळून त्या नव्या जोडावर सांडली. सत्यमनं घाबरून मला थांबवलं.

"असू दे, शेताचंच हाय ते," नागाबाई म्हणाली. मग बिंदगं मांडीवर सावरत, "तुझा बाप लई अलीकडंच हळू करायचा इथं."

"मागच्यासाठी व्हतं ते, मला ठावं नव्हतं माय," सत्यम पुढे बघतच म्हणाला. "मी पुढं बसायचो."

खांद्यावरचा हात तिनं काढला नाही.

तर मित्रांनो, घरातली जुनी वस्तू नवी करा, जरूर करा. आम्हालाही शेडमध्ये गंजायची हौस नसते. पण ग्राइंडर हातात घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकदा विचारा, तुम्ही कुठे बसत होता? आम्हाला सगळं ठाऊक असतं, पण आम्हाला बोलता येत नाही. माझा जोड पक्का आहे. पण वाटेत पूल आला की अजून तिथेच दुखतं, आणि सत्यम आता बराच अलीकडे वेग कमी करतो.