आकाशातल्या सवतीचे ठिपके

मित्रांनो, टेकडीवरच्या पत्र्याच्या घुमटात बसलेली मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा आरसा घासता घासता कारागिरांच्या बोटांना घट्टे पडले होते. मी नवी होते तेव्हा काय कौतुक होतं माझं! पाहुणे रांगा लावून माझ्या नळीला डोळा लावायचे. मग ती आली आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघेना.

ती म्हणजे क्ष-किरणांची दुर्बीण. आकाशातले क्ष-किरण हवेतून खाली पोहोचत नाहीत, म्हणून बाईसाहेब थेट अंतराळात राहतात. ना धूळ, ना ढग, ना अंगावर घाण करणारी कबुतरं! खरं सांगते, मी तिच्यावर जळत होते. जळून नुसती खाक होत होते.

आमच्या खगोलशास्त्रज्ञ ताई तेव्हा एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिकांचा अभ्यास करत होत्या. अशा टकरीत तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत; पण वायू दाबला जातो आणि त्यातून नव्या ताऱ्यांचे पुंजके जन्मतात. ते पुंजके मी टिपले होते. तिने टिपले होते क्ष-किरणांचे ठिपके. मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू भयंकर तापतो आणि तिथून हे किरण निघतात. मोठे तारे लवकर मरतात, म्हणून ठिपके नव्या पुंजक्यांजवळच सापडतील, असं ताईंचं म्हणणं होतं.

एका दुपारी खालच्या खोलीत आमच्या वेधशाळेतल्या छपाईवाल्या काकांनी दोन्ही चित्रं पारदर्शक कागदांवर छापून एकावर एक ठेवली. काका पूर्वी जमिनीचे नकाशे छापायचे. बघतात तो काय, ठिपके भलतीकडेच पडलेले! मला असा आनंद झाला म्हणून सांगू! बरी जिरली सटवीची!

तेवढ्यात संचालक साहेब म्हणाले, "नवी कशी चुकेल? ही म्हातारीच चुकली असणार. घुमटाला कुलूप लावू या आता."

हसले मी तिला, आणि गळ्याशी आलं माझ्याच.

ताई कागदावर वाकल्या. "काका, या नव्या चित्रात पूर्व उजवीकडे कशी?"

"त्यावर पूर्व डावीकडे लिहून आली होती, मीच कागद पालटून सरळ केली. नकाशात उजवीकडेच असते ना!"

"अहो काका, जमीन आपण वरून बघतो. आकाश खालून बघतो, तिथे पूर्व डावीकडेच येते!"

काकांनी जीभ चावली आणि कागद पालटला. बहुतेक ठिपके माझ्या पुंजक्यांना जाऊन बिलगले.

ताई साहेबांना म्हणाल्या, "नवीला पुंजके दिसत नाहीत, जुनीला ठिपके दिसत नाहीत. मला दोघीही हव्यात."

साहेबांनी पुन्हा कुलुपाचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, मी सुधारले असं मात्र समजू नका. ती डोक्यावरून जाते तेव्हा आजही माझा जळफळाट होतो. म्हणूनच तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी टेकडीवर आलात, तर काकांच्या मागे लागून माझ्या आरशावरची धूळ तेवढी काढायला लावा. उद्या तिचे नवे ठिपके येतील, आणि मी कुठे कमी पडले, हे तिला कळता कामा नये.