न्हाणीतली बेगम

गुडीहत्नूरच्या अलीकडे, आमच्या गावाबाहेर, निजामाच्या एका नवाबानं बांधलेला महाल पडून आहे. त्याच्या भिंतीतून मेलेली बेगम बोलते म्हणून दिवाळीपासून तिथे माणूस मावेना. भिंतीत मूठ जाईल एवढं भोक. गावातला नागोराव महाराज त्याला तोंड लावून लोकांचं दुःख सांगायचा आणि आतून बेगम बारीक आवाजात हिंदीत उत्तर द्यायची.

"नवाबानं हिला जितीच चिनली भितीत. म्हून बायाचं दुःख हिलेच समजते," म्हणत महाराज डोळे पुसायचा. डोळे कोरडेच असायचे, पण बघतं कोण?

माझी सून मंजुषा आठव्या महिन्यात. पाय सुजलेले, डोकं ठणकायचं. त्या सकाळी तिची दातखिळी बसली, हातपाय झटकू लागले. मी वावरात कापूस वेचत होते. मला सांगावा येईतोवर माझ्या शहाण्या लेकानं, नागेशनं, तिला ऑटोत घालून महालात नेलं होतं. मी कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच घेऊन धावले. शाळेच्या दीक्षा मॅडम वाटेत भेटल्या, त्याही आल्या. मंजुषा फरशीवर पडलेली, जीभ चावून तोंडात रक्त.

"नागेश, दवाखाना इकडं हाये काय?"

"माय, गप राह्य. बेगम बोलून राह्यली."

भिंत बोलली, "अमावस तक इधरच रखो. दवाखाने ले गये तो मर जायेगी."

माझा बाप जुन्या तहसिलीत चपराशी होता. मुनशीची उर्दू ऐकत मी वाढले. ही बेगम तर नवाबी उर्दू सोडून कापसाच्या दलालासारखी बोलत होती. मी भोकाशी नाक नेलं. गुटख्याचा भपकारा आला.

"महाराज, बेगम गुटखा खाते काय?"

"शंका घेतली का बेगम रुसते, बाई. मंग सुनेचं काही झालं तं माह्यावर नाही."

जमलेल्या बाया माझ्याकडेच डोळे वटारून पाहू लागल्या.

दीक्षा मॅडम म्हणाल्या, "मावशी, ही न्हाणी आहे. मागच्या खोलीत भट्टी होती. तिथं पाणी तापायचं आणि भिंतीतल्या मातीच्या नळातून इथं यायचं. हे भोक म्हणजे त्या नळाचं तोंड. नवाब शिकारीपुरता उतरायचा. बेगम इथं कधी राहिलीच नाही."

"तुमी पाह्यलं होतं काय, मॅडम?" महाराज हसला.

"नाही. तुम्ही पाहिलं होतं?"

मी ओटी सोडली आणि सारा कापूस भोकात ठासला.

"इचार आता."

महाराजानं विचारलं. भिंत मुकी. त्यानं पुन्हा विचारलं. मग महालाच्या मागच्या अंगानं बापई माणसाचा जाडा आवाज आला, "जोर से बोलो मामा, कुछ सुनाई नहीं देता."

लोक मागे धावले. भट्टीच्या खोलीत महाराजाचा भाचा राजकुमार नळाच्या दुसऱ्या तोंडाशी उकिडवा बसलेला, गालात गुटखा.

सारे त्याला मारायला जमले. ऑटोवालाही मार बघायला गेला. त्या ऑटोवाल्याची गचांडी धरून मी त्याला ओढत आणलं आणि मंजुषाला ऑटोत घातलं.

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तदाब वाढून झटके आलेत. सकाळीच आणायचं होतं." मंजुषा वाचली. पोरगी झाली, ती रडलीच नाही.

नागेश भिंतीला टेकून बसला. "माय, बेगमचा कोप असन काय?"

"कोप नाही. उशीर झाला. तुवा केला."

आता गाव म्हणते, महालच पाडून टाका. काऊन? बांधणाऱ्यानं ऊन पाण्याची सोय केली, त्यात खोटं आपल्यातल्या माणसानं घातलं. बायांनो, गरोदर बाईचे पाय सुजले, डोकं ठणकलं, तर तो आजार आहे. भिंतीमागं कोण बसलंय ते मागाहून बघा. आधी तिला दवाखान्यात न्या.