लाल माशाचा बिल्ला

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. दाराएवढा मोठा पत्रा समोर आडवा पडलाय, असं समजा. त्यावर ओळीने पिवळ्या चांदण्या छापल्या आहेत, प्रत्येक आपापल्या गोलात. आता वरून लोखंडी साचा धाडकन खाली येतो. गोल कापले जातात, त्यांच्या कडा मुडपतात आणि झालरवाले बिल्ले टपाटप खाली पडतात. सोड्याच्या बाटलीवर घट्ट बसतो ना, तोच बिल्ला! पण अजून तो कच्चा. त्याच्या पोटात पातळ चकती बसवली नाही, तर सोड्याचा सगळा फसफसाट पळून जाईल. हल्ली ती प्लॅस्टिकची असते. जुन्या काळी खऱ्या बुचाची असे.

हे सगळं भिंगरीला तिच्या मामाने सांगितलं होतं. मामा शिंपी, पण त्याला नाद जुने बिल्ले जमवायचा. घर रंगवायला काढलं, तेव्हा त्याने बिल्ल्यांचा डबा भाचीच्या हाती दिला. “डोळ्यांत तेल घालून सांभाळ हं!”

भिंगरीने तेल नाही, पाणी घातलं, तेही साबणाचं. बिल्ले चकाचक करून मामाला चकित करायचं, असा तिचा बेत. टबात बिल्ले भिजत टाकून ती खेळायला गेली. परत येऊन बघते तर काय, बुचाच्या चकत्या फुगून, सुटून वर तरंगताहेत आणि बिल्ले तळाशी उघडेबोडके!

ती टबाशी बसून रडू लागली. तेवढ्यात आत्या डोकावली. ती वर्षानुवर्षं बिल्ल्यांच्या कारखान्यात बूच बसवण्याच्या कामावर होती.

“अगं बये, ही कुणाची सामुदायिक अंघोळ?”

“आत्या, मामा उद्या डबा न्यायला येणार आहे. आता तो माझ्या हाती पुन्हा कधीच काही देणार नाही.”

“रडून टबातलं पाणी वाढवू नकोस. फडकं आण.”

दोघींनी सगळं फडक्यावर वाळत घातलं. पण कुठली चकती कुठल्या बिल्ल्याची? आत्याने एक चकती उलटी केली. “हिची पाठ बघ. पत्र्यावर जिथे गंज, तिथेच चकतीवर डाग.” मग काय, भिंगरी जमिनीवर पालथी पडून जोड्या लावत बसली. हा डाग त्याचा, ती रेघ ह्याची. दुपार कुठे गेली कळलंच नाही. रडू तर केव्हाच पळालं होतं.

आत्याने अंडं फोडून पांढरा बलक वाटीत काढला.

“ऑम्लेट?” भिंगरीचे डोळे चमकले.

“खादाड कुठली! पूर्वी बूच डकवायला हेसुद्धा वापरत. ऊब लागली की घट्ट होतं आणि चकतीला धरून ठेवतं.”

प्रत्येक बिल्ल्यात एक थेंब, त्यावर चकती, मग कोमट तव्यावर ठेवून चमच्याच्या पाठीने दाब. एकेक बिल्ला पुन्हा पोट भरल्यासारखा दिसू लागला.

राहिला एकच, लाल माशाचा. तो मामाचा सगळ्यांत लाडका. त्याच्या चकतीचा मात्र भुगा झाला होता.

आत्याने फडताळातल्या एका बाटलीचं बूच काढलं, त्याची पातळ चकती कापली आणि माशाच्या पोटात नुसतीच ठेवून पाहिली. अगदी फिट्ट! “डकवू? मामाच काय, त्याच्या चष्म्यालाही कळणार नाही.”

भिंगरीने बिल्ला उलटासुलटा करून पाहिला. कुणी आलं की मामा हाच बिल्ला उलटा करून दाखवायचा. “आतलं बूचसुद्धा तेव्हाचंच बरं का!” असं म्हणताना त्याचा चेहरा कसा फुलायचा.

“आत्या, मामा हे जुनं म्हणूनच सगळ्यांना दाखवणार.”

“दाखवेल की.”

“पण हे तर आजचं आहे.”

आत्याने चमचा खाली ठेवला. “खरंय गं तुझं. बोल, काय करायचं?”

भिंगरीने नखाने नवी चकती अलगद उचलून बाजूला ठेवली. बुचाचा भुगा कागदाच्या पुडीत बांधला. बाकीचे बिल्ले डब्यात भरले. लाल मासा, रिकाम्या पोटाचा, मुठीत घेतला. उद्याची वाट न बघता चपला अडकवल्या आणि मामाचं घर गाठलं. तिथे मामा नाकावर रंगाचा ठिपका घेऊन शिडीवर उभा होता.

“मामा, खाली ये,” ती म्हणाली आणि मूठ उघडून तिने हात पुढे केला.