नाकवाल्याचा हंडा

आज सकाळपासून धुकं काही हललेलं नाही. वारा साफ पडलाय. पत्र्यावरून थेंब ओघळतायत तेही सावकाश, मागे कुणी लागलेलं नसल्यासारखे. अशा दिवशी वास लांब जात नाही, निघाला तिथेच घुटमळत राहतो. पण आज वासच नाही. चुलाण्यात लाकडं रचून झाली आहेत, माझ्या पोटात ताजं गवत भरलेलं आहे, पाणी ओतलेलं आहे, आणि माझा मालक हातात काडेपेटी घेऊन समोर स्टुलावर बसलाय. मघापासून नुसता बसलाय.

तो उठेपर्यंत मी बोलून घेतो. मी तांब्याचा हंडा बोलतोय. पाणी तापवायचा नव्हे, तेल काढायचा. पाल्याफुलांचं वासाचं तेल.

तांबटाने मला पत्र्यातून ठोकून ठोकून घडवलं. ठोके बसत होते तेव्हा वाटायचं, आपण कुणाचं काय घोडं मारलं होतं? मग कळलं, ठोके खाल्ल्याशिवाय पोट येत नाही. माझ्या डोक्यावर घुमटासारखं टोपण आहे. टोपणातून लांब नळी निघते, ती गार पाण्याच्या टाकीतून फिरून खाली काचेच्या बरणीत उतरते. खालून जाळ लागला की वाफ पाल्यातून वर चढते, पाल्याचा वास आपल्याबरोबर उचलते, नळीत गार होते आणि बरणीत ठिबकते. पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं. लवंगेचं तेल तेवढं आडमुठं. ते तळाशी जाऊन बसतं.

मला घरी आणलं तेव्हा मालकाचं लग्न नवं होतं. बायको दारात आली, मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे काय आणलंत? ह्यात पाणी तापवायचं की माणूस उकडायचा?"

"गवत उकडायचं."

"मग जोडीला एक गाढवही आणायचं होतं."

"ते आहे की घरात," तो म्हणाला.

ती तोंडावर हात धरून हसली. माझ्या खोलीतलं ते पहिलं हसू.

माझ्या पोटात काय काय येऊन गेलं! सगळ्यात जास्त गवती चहा. त्याच्या तेलाने डास लांब राहतात आणि पेंगुळलेलं डोकं जागं होतं. निलगिरीची पानं आली की सर्दीचे दिवस आले म्हणून समजायचं. गरम पाण्यात थेंब टाकून वाफ घेतली की चोंदलेलं नाक मोकळं होतं. गुलाब आला की मालक हळू बोलायचा, जणू पाकळ्या जाग्या होतील. टोपल्याच्या टोपल्या ओतल्या तरी तेल म्हणाल तर बोटाला लागेल एवढंच. पण गुलाबपाणी मात्र भरपूर निघे. उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यावर लावायला शेजारीपाजारी वाट्या घेऊन यायचे.

मालक प्रत्येकाला बजावायचा, "तेल नुसतं अंगाला लावू नका. अख्ख्या झाडाचं बळ आहे त्यात, कातडी सोलून निघेल. तिळाच्या तेलात थेंबभर घाला आणि मग चोळा." माणसं मान डोलवायची आणि घरी जाऊन दुप्पट लावायची. थोड्याने गुण आला तर जास्तीने जास्त येईल, अशी माणसांची समजूत. मी एवढी वर्षं बघतोय, ती काही जात नाही.

मालकाला सगळे नाकवाले काका म्हणायचे. आमच्या कामात घड्याळाला किंमत नाही. ओलं गवत वेगळं, सुकलेलं वेगळं, थंडीतला जाळ वेगळा. कधी थांबायचं ते नाकाने ठरवायचं. आधी कच्चा हिरवा वास येतो. मग लिंबासारखा स्वच्छ वास येतो, तोच खरा. त्यानंतर उकडलेल्या पाल्याचा यायला लागला की जाळ ओढायचा. तिथे चुकलं तर सगळी बरणी नासते. मालक नळीपाशी नुसता वाकायचा आणि सांगायचा. कधी चुकला नाही.

मग एका थंडीत त्याला ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, जेवायला लागला. एका सकाळी नळीपाशी येऊन वाकला. नाक पुसलं. पुन्हा वाकला. मग कोपऱ्यातली पुदिन्याची जुडी हातात चुरगाळून त्यात तोंड खुपसलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. पुदिन्याचा गारवा कळला, पण पुदिना कळला नाही.

नाक गेलं म्हणजे अब्रू गेली असं माणसं म्हणतात. ह्याला वाटलं, आपलं दोन्ही अर्थांनी गेलं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आपल्या हातचं काम सुटेल, ही भीती त्याच्या पाठीत दिसायची. वाकून उभा राहायचा, वास घेतल्याचं नाटक करायचा, आणि मग माझ्याकडे बघत राहायचा. मी काय सांगणार?

बायकोला कसं कळलं, ते मी पाहिलं. आमच्या चुलाण्याच्या कडेला तिने दूध तापत ठेवलं होतं आणि ती अंगणात गेली होती. दूध उतू गेलं, करपलं, धूर निघाला. तो हातभर अंतरावर पाठ करून बरण्या पुसत होता. त्याला पत्ता नाही. ती धावत आली, भांडं उतरवलं, तोंड उघडलं... आणि मिटलं. त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग मुकाट्याने भांडं घासायला घेतलं. बराच वेळ घासत होती.

दुसऱ्या दिवसापासून तिची कटकट सुरू झाली.

जाळ लागला की ती दारात येऊन उभी. "शी! नुसतं कच्चं गवत. नाकात काड्या घातल्यासारखं होतंय." थोड्या वेळाने, "हां, आता जरा माणसात आला वास." तो लगेच बरणी बदलायचा. मग कितीतरी वेळ गप्प. आणि मग एकदम कडाडायची, "अहो, पुरे करा! उकडलेली भाजी झाली सगळी. डोकं उठलं माझं!"

"तुला काय कळतंय त्यातलं," तो म्हणायचा आणि जाळ ओढायचा.

दोघांनी त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. तिला कळलंय हे त्याला माहीत होतं का? होतं. कारण ती बाजारात गेली असली की तो चूल पेटवत नसे. लाकडं उगीच इकडची तिकडे करत बसे.

भिंतीपलीकडे एक शिंपी राहतो. मनाने चांगला, जिभेने मोकळा. मशीन थांबवून तो भिंतीवरून डोकवायचा. "काय काका, सुरू झाली का काकूंची सभा?"

"झाली बाबा."

"कापूस देऊ का कानात घालायला? नवा आहे, उशीतला."

"तो तुझ्या तोंडात घाल," बायको आतून म्हणायची, आणि शिंपी हसत मशीनवर जायचा. सगळ्या गल्लीला वाटायचं, काय बायको पदरी पडलीय बिचाऱ्याच्या! एवढा गुणी माणूस, आणि ही सदा त्याच्या कामात नाक खुपसते. खुपसत होती हे खरंच. तेवढं एकच नाक उरलं होतं घरात.

अशी वर्षं गेली. बरण्या पूर्वीसारख्याच निघत राहिल्या. साबण करणारी बाई दरवेळी झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "काका, तुमच्यासारखं नाक नाही." बायको तेव्हा दारामागे उभी राहून भांडी विसळत असायची.

मग ती आजारी पडली. छाती धरून बसायची, चार पावलं चालवत नसे. थंडी वाढली तशी तिची खाट माझ्या खोलीत आणली, चुलाण्याची ऊब मिळावी म्हणून. पडून पडून तिची पाठ लाल झाली. मालक तिळाच्या तेलात गुलाबाचं तेल मिसळून हलक्या हाताने चोळायचा. एके दिवशी त्याने चोळायला सुरुवात केली आणि तिने दातांवर दात धरले. पाठ पेटल्यासारखी झाली. बाटल्या सगळ्या सारख्याच, तपकिरी, आणि त्याने लवंगेची उचलली होती. खोलीभर लवंग दरवळत होती. त्याला एकट्याला कळत नव्हतं.

"दुखतंय का गं?"

ती म्हणाली, "बाटल्या कुणीतरी हलवल्यात वाटतं. मीच हलवल्या असतील, हल्ली काही लक्षात राहत नाही माझ्या. लवंगेच्या गळ्याला दोरा बांधा बाई, म्हणजे माझा घोटाळा नाही व्हायचा."

त्याने तिची पाठ पुसली, पुन्हा नुसतं तिळाचं तेल लावलं. मग तिच्याकडे पाठ करून दोरा बांधला. गाठ लवकर बसेना.

खाटेवरूनही तिची कटकट चालू होती. फक्त आवाज बारीक झाला. "कच्चं... अजून कच्चं..." तो हातातलं काम थांबवून ऐकायचा. शिंप्याचं मशीन जोरात चाललं तर भिंतीवर थाप मारायचा.

शेवटच्या दिवशी माझ्यात गवती चहाच होता. पहिलं बोलणं झालं. दुसरंही झालं, "आता बरा येतोय." त्याने बरणी बदलली आणि स्टुलावर बसला. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. तो वाट बघत होता. नळीची धार बारीक झाली. त्याने एकदा खाटेकडे पाहिलं. ती बोलली नाही म्हणजे अजून वेळ आहे, असं त्याने धरलं. आणखी एक लाकूड सारलं. माझ्यातलं पाणी आटलं, गवत तळाला लागलं, मी आतून जळायला लागलो. धूर तोंडाशी दाटला, टोपणाच्या कडेने निघायला लागला. तेव्हा तो उठला आणि खाटेपाशी गेला.

"अगं, बोल ना," तो म्हणाला. "बोल ना काहीतरी."

शिंपी करपल्याच्या वासाने धावत आला. त्यानेच जाळ ओढला. गल्लीत सांगितलं गेलं की दुःखाने म्हाताऱ्याचं भान हरपलं म्हणून हंडा जळला. उलटं कुणाला सुचणार? मी जळायला लागलो तेव्हा ती गेलीय हे मालकाला कळलंच नव्हतं.

राखेने आणि लिंबाने त्याने मला घासलं. तळाचा काळा डाग निघाला नाही. मग अंदाजाने त्याने एक घाणा काढला. साबणवाल्या बाईने झाकण उघडलं, मान खाली घातली आणि बाटली हळूच परत ठेवली. "ह्या वेळी राहू द्या, काका." तो म्हणाला, "हो, गवतच बरं नव्हतं."

आणि आज हा असा बसलाय. लाकडं आहेत, गवत आहे, काडी आहे, मीही आहे. काडी ओढली की बोलणं ऐकू यायला हवं, ते येणार नाही, म्हणून तो ओढत नाही. तुमच्या घरात कुणी असं दारात उभं राहून कुरकुरत असेल तर त्याला गप्प करण्याआधी जरा कान द्या, एवढंच मी म्हणेन. मी भांडं आहे, माझं कोण ऐकतंय!

भिंतीपलीकडचं मशीन थांबलंय. शिंपी चहाचा पेला घेऊन आलाय. पेला त्याने मालकाच्या हातात दिला, काडेपेटी काढून खिडकीत ठेवली आणि शेजारी उकिडवा बसला. बराच वेळ शब्द जुळवत होता. मग मालकाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, रागावू नका, पण एक बोलतो. काकू गेल्या ते वाईटच झालं. पण आता निदान कानाशी कटकट तरी नाही. आता कसं शांतपणे, मन लावून काम करा."